युरोपच्या हॉटेलात एका खोलीत चौघं का राहू देत नाहीत?

सीबीडी बेलापूरहून शनिवारी सकाळी गाडी काढायची, अलिबाग किंवा महाबळेश्वर गाठायचं, हॉटेलात एक डबल रूम घ्यायची आणि काउंटरवर सांगायचं, "दोन मुलं आहेत, एक एक्स्ट्रा गादी टाका." थोडे जास्तीचे पैसे घेऊन गादी येते. आजी सोबत असतील तर पलंग त्यांना आणि बाकीचे खाली. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, हॉटेलवाल्यालाही नाही.

हीच सवय सोबत घेऊन पॅरिस, रोम किंवा ल्युसर्नला गेलं की अडचण होते. रिसेप्शनवरची व्यक्ती बुकिंग बघते, समोर उभी असलेली माणसं मोजते आणि शांतपणे सांगते की ही खोली दोघांची आहे, चौघांना देता येणार नाही. गादी मागितली तर ती नाही म्हणते. "मुलं लहान आहेत, आमच्यातच झोपतील" म्हटलं तरी उत्तर तेच. मग दुसरी खोली घ्यावी लागते, तीही त्या दिवसाच्या भावाने. आपल्या शाळांना सुट्टी असते मे महिन्यात, आणि तेव्हा युरोपातही गर्दी सुरू झालेली असते. त्यामुळे दुसरी खोली मिळेलच असं नाही.

समजा एका खोलीचे रात्रीला १५० युरो ठरले होते. आठ रात्रींचे झाले १,२०० युरो. प्रत्येक मुक्कामी दुसरी खोली घ्यायची वेळ आली तर हा आकडा सरळ दुप्पट होतो. एका युरोला शंभर रुपये धरले तरी हा एक लाख वीस हजारांचा जास्तीचा खर्च आहे, आणि तो ट्रिपच्या हिशेबात कुठेही धरलेला नसतो.

हा नियम नेमका कुणाचा?

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. "युरोपियन युनियनचा कायदा आहे, एका खोलीत दोनच माणसं" असं सोशल मीडियावर बऱ्याचदा लिहिलेलं दिसतं. असा एकच कायदा नाही. युरोपीय परिषदेने २२ डिसेंबर १९८६ रोजी हॉटेलांमधल्या आगीपासूनच्या सुरक्षेबद्दल एक शिफारस केली होती. किमान २० पाहुण्यांची सोय असलेल्या हॉटेलांसाठी ती होती. बाहेर पडायचे मार्ग, धोक्याची घंटा, खोलीत लावायच्या सूचना असे विषय त्यात होते. पण ती शिफारसच होती, बंधनकारक कायदा नव्हता. प्रत्यक्षातले नियम प्रत्येक देशाचे वेगळे आहेत, काही ठिकाणी तर प्रांताचे आणि शहराचेही.

खोलीत किती माणसं राहू शकतात हा आकडा बऱ्याच गोष्टी मिळून ठरतो. इमारतीच्या अग्निसुरक्षा परवान्यात एकूण किती माणसं धरली आहेत, खोलीचं क्षेत्रफळ किती, हॉटेलला किती तारे आहेत, आणि मग हॉटेलचं स्वतःचं धोरण. या शेवटच्या गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. रिसेप्शनवर "फायर रेग्युलेशन" हे उत्तर सगळ्यात सोयीचं असतं, कारण त्यावर वाद घालता येत नाही. बऱ्याचदा ते खरंच कारण असतं. काही वेळा मात्र खोलीमागे मिळणारं उत्पन्न हेही कारण असतं. पाहुण्याला हा फरक कळायला काही मार्ग नसतो. आणि कारण कुठलंही असलं तरी त्याच्यासाठी निकाल एकच असतो.

आगीची भीती पोकळ नाही. एप्रिल २००५ मध्ये पॅरिसच्या ऑपेरा भागातल्या एका छोट्या हॉटेलला रात्री आग लागली. तिथे सरकारी मदतीवर ठेवलेली बरीच स्थलांतरित कुटुंबं राहत होती. वीसहून जास्त माणसं मेली आणि त्यात अनेक मुलं होती. त्यानंतर फ्रान्सने छोट्या हॉटेलांसाठीचे आगीचे नियम कडक केले. त्याआधी जुलै १९७९ मध्ये स्पेनमधल्या सारागोसा शहरात 'कोरोना दे आरागोन' या हॉटेलच्या आगीत सत्तरहून अधिक बळी गेले होते.

युरोपातल्या शहरांमधली कितीतरी हॉटेलं शे-दीडशे वर्षं जुन्या इमारतींमध्ये आहेत. एकच अरुंद गोल जिना, दोन माणसांची लिफ्ट, लाकडी तक्तपोशी. अशा जिन्यावरून रात्री दोन वाजता किती माणसं किती मिनिटांत खाली उतरतील यावर तिथला हिशेब चालतो. जमिनीवर टाकलेली गादी खोलीच्या दाराची वाट अडवते आणि ती कुठल्याही नकाशात नसते. झोपलेलं मूल यादीत नसेल तर आग विझवणाऱ्यांना ते शोधायचं आहे हेच माहीत नसतं.

खोली असते तरी केवढी

तिकडे खोल्यांची मापं चौरस मीटरमध्ये असतात आणि तिथेच आपली फसगत होते. १२ चौरस मीटर म्हणजे साधारण १३० चौरस फूट. बेलापूरच्या सिडकोच्या जुन्या घरातली एखादी बेडरूम एवढी असते, आणि तीत कपाट, टेबल, दोन मोठ्या सुटकेसेस असं सगळं बसवायचं.

फ्रान्सच्या तारांकित वर्गीकरणात अगदी खालच्या श्रेणीत दोघांच्या खोलीला ९ चौरस मीटर पुरतात. म्हणजे शंभर चौरस फूटसुद्धा नाहीत. इटलीत साधारण निकष एका माणसासाठी ८ आणि दोघांसाठी १४ चौरस मीटर असा आहे, त्यात प्रांताप्रमाणे फरक पडतो. पॅरिसमधल्या त्या ९ मीटरच्या खोलीत पलंग मांडल्यावर चालायला जेमतेम वाट उरते. तिथे तिसरी गादी टाकायची म्हटलं तर ती बाथरूमच्या दारातच टाकावी लागेल. त्यामुळे "गादी नाही" या उत्तरात उद्धटपणा शोधण्यात अर्थ नाही. जागाच नसते.

अजून एक गंमत. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये डबल बेड म्हणजे बऱ्याचदा एकाच चौकटीत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन वेगळ्या गाद्या असतात, आणि दोन वेगळी पांघरुणं. मूल मध्ये झोपवलं तर ते रात्रभर फटीत.

मूल कुणाला म्हणायचं?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. भारतात पाच वर्षांखाली फुकट, पाच ते बारा अर्ध्यात, असा एक ढोबळ ठोकताळा आपल्या डोक्यात असतो. युरोपात एकच वय नाही. दोन वर्षांखालचं बाळ बहुतेक ठिकाणी पाळण्यात चालतं. हा पाळणा म्हणजे कठडे असलेला छोटा पलंग. तो आधी सांगून मागवावा लागतो, आणि काही हॉटेलं बाळालाही माणसांच्या संख्येत धरतात. त्यापुढे प्रत्येक हॉटेलची रेषा वेगळी असते. कुठे ६, कुठे १२, कुठे १६, कुठे १८.

मोठ्या साखळ्यांची धोरणं त्यातल्या त्यात उदार असतात. नोव्होटेलचं जुनं धोरण असं आहे की १६ वर्षांखालची दोन मुलं आईवडिलांच्या खोलीत फुकट राहू शकतात आणि त्यांचा नाश्ताही फुकट असतो. ब्रिटनमधल्या प्रीमिअर इनच्या फॅमिली रूममध्ये दोन मोठी माणसं आणि १६ वर्षांखालची दोन मुलं बसतात. पण "फुकट" आणि "जागा आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाचे पैसे लागत नाहीत म्हणून कुठलीही खोली चालेल असं नाही. चौघांची खोलीच निवडावी लागते, आणि एका हॉटेलात अशा खोल्या मोजक्याच असतात.

वय मोजलं जातं ते राहण्याच्या तारखेला. जानेवारीत बुकिंग करताना मुलगी अकरा वर्षांची असेल आणि एप्रिलमध्ये तिला बारा पूर्ण होणार असतील, तर मे महिन्याच्या ट्रिपसाठी बाराच लिहायचे. पासपोर्टवर जन्मतारीख असते आणि पासपोर्ट तर दाखवावाच लागतो. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा सोबत असेल तर बहुतेक हॉटेलांच्या लेखी ती तीन मोठी माणसं झाली.

दोन खोल्या घेतल्या तर एक वेगळा प्रश्न येतो. आईवडील एका खोलीत आणि नऊ व तेरा वर्षांची भावंडं दुसऱ्या खोलीत, ही मांडणी बरीच हॉटेलं मान्य करत नाहीत. प्रत्येक खोलीत एक सज्ञान माणूस हवं. मग आई आणि मुलगी एकीकडे, बाबा आणि मुलगा दुसरीकडे. आतून दार असलेल्या जोडखोल्या, म्हणजे 'कनेक्टिंग रूम', मिळाल्या तर हा प्रश्न सुटतो. 'अ‍ॅडजॉइनिंग' म्हणजे मात्र फक्त शेजारच्या खोल्या, त्यांत आतलं दार असेलच असं नाही. एजंटने हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले तर लगेच विचारावं. आणि जोडखोल्या नक्की मिळणार का, हे हॉटेलकडून लेखी घ्यावं. "रिक्वेस्ट टाकली आहे" याचा अर्थ कुणी हो म्हटलेलं नाही एवढाच.

दोघांचं बुकिंग करून चौघं गेलो तर?

हा सल्ला फॅमिली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी हमखास देतं. "दोघांचं बुक करा, मुलं नंतर मागच्या दाराने आणा, कोण बघतंय?" भारतात हा फार तर हॉटेलच्या भाड्याचा प्रश्न असतो. युरोपात तो पोलिसांच्या नोंदीचा प्रश्न आहे.

इटलीत हॉटेलवाल्याला प्रत्येक पाहुण्याची माहिती २४ तासांत पोलिसांच्या ऑनलाइन यंत्रणेवर पाठवावी लागते. हा नियम १९३१ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यातला आहे, म्हणजे मुसोलिनीच्या काळातला, आणि तो आजही लागू आहे. नोंद केली नाही तर हॉटेलमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०६ युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. स्पेनमध्ये नवे नोंदणी नियम २ डिसेंबर २०२४ पासून पूर्णपणे लागू झाले. गंभीर चुकीला तिथे ३०,००० युरोंपर्यंत दंड आहे. आणि त्यात मुलांचं सोबतच्या मोठ्या माणसाशी नातं काय, हेसुद्धा विचारलं जातं.

शेंगेन करारात पाहुण्यांच्या नोंदणीचं वेगळं कलमच आहे, ४५ वं. परदेशी पाहुण्याने नोंदणीचा फॉर्म स्वतः भरून सही करावी आणि ओळखपत्र दाखवावं, असं ते सांगतं. सोबतच्या जोडीदाराला आणि अल्पवयीन मुलांना स्वतःचा फॉर्म भरण्यातून सूट आहे. जर्मनीत कुटुंबाच्या एकाच फॉर्मवर सोबतच्यांची संख्या आणि राष्ट्रीयत्व लिहिलं की पुरतं. पण संख्या लिहायची म्हणजे ती खरी लिहायची. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, तरी १९७२ च्या आदेशानुसार १६ वर्षांवरच्या प्रत्येक पाहुण्याचं नाव आणि राष्ट्रीयत्व नोंदवणं तिथल्या हॉटेलांना बंधनकारक आहे.

भारतातही परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलला २४ तासांत त्याची माहिती कळवावी लागते. बेलापूर-वाशीच्या हॉटेलांना हे रोजचं काम आहे. युरोपात गेल्यावर तो परदेशी पाहुणा आपण असतो, एवढाच फरक.

त्यामुळे लपवून आणलेलं मूल सापडलं की हॉटेल दोन गोष्टी करू शकतं. जास्तीचे पैसे लावतं, किंवा खोली सोडायला सांगतं. दुसऱ्या प्रकारात नॉन-रिफंडेबल बुकिंगचे पैसेही जातात. नाश्त्याच्या हॉलमध्ये दारावरच खोली नंबर विचारून माणसं मोजतात, बहुतेक वेळा तिथेच हे उघडकीला येतं.

व्हिसाचाही संबंध आहे. शेंगेन व्हिसाच्या फायलीत राहण्याच्या सोयीचा पुरावा लागतो. चौघांचे अर्ज आणि हॉटेलच्या व्हाउचरवर दोघांचीच नावं, असं दिसलं तर बाकीचे दोघं राहणार कुठे हा प्रश्न अधिकाऱ्याला पडणारच. ११ जून २०२४ पासून मोठ्यांसाठी ही फी ९० युरो, ६ ते १२ वयासाठी ४५ युरो आणि सहाखालच्यांना माफ आहे. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. व्हाउचरवर चारही नावं आणि मुलांची वयं असावीत.

शहराचा कर वेगळा

हा कर बुकिंगच्या रकमेत बऱ्याचदा नसतो आणि काउंटरवर मागतात, म्हणून अनेकांना तो लूट वाटतो. लूट नाही, तो पालिकेचा कर आहे. फ्रान्समध्ये १८ वर्षांखालच्यांना तो माफ आहे. रोममध्ये दहा वर्षांखालच्यांना नाही. व्हेनिसमध्ये दहाखालच्यांना माफ आणि दहा ते सोळा वयाला अर्धा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तो माणशी नसून खोलीच्या भाड्याच्या १२.५ टक्के आहे. मुलांची वयं बुकिंगमध्ये खरी लिहिलेली असली तर इथे उलट पैसे वाचतात.

बुकिंग करताना काय बघायचं

वेबसाइटवर शोधतानाच "२ अ‍ॅडल्ट्स, २ चिल्ड्रन" निवडून मुलांची वयं भरायची. स्वस्त भाव दिसावा म्हणून "२ अ‍ॅडल्ट्स" टाकून बघायचा मोह होतो, आणि निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात. "सर्व वयाच्या मुलांचं स्वागत" या ओळीचा अर्थ तुमची दोन मुलं या खोलीत मावतात असा नाही. खाली पलंगांचा तक्ता असतो, तो वाचावा. 'एक्झिस्टिंग बेड' म्हणजे आहे त्याच पलंगावर मूल झोपेल. 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे जास्तीचा पलंग, बहुधा वेगळे पैसे. 'सोफा बेड' म्हणजे उघडून पलंग होणारा सोफा. तो दहा वर्षांच्या मुलाला बरा, पण सासूबाईंना त्यावर झोपवू नये.

आजी-आजोबा सोबत असतील आणि सहा जण होत असतील, तर तिघांच्या दोन खोल्या अनेकदा दोघांच्या तीन खोल्यांपेक्षा स्वस्त पडतात. यूथ हॉस्टेल या नावामुळे आपल्याकडची कुटुंबं तिकडे बघतच नाहीत. प्रत्यक्षात जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या अनेक यूथ हॉस्टेलांत चार ते सहा जणांच्या स्वतंत्र फॅमिली रूम असतात. दुमजली पलंग, स्वच्छ बाथरूम, नाश्ता. ऐषारामाची अपेक्षा नसेल तर चौघांच्या कुटुंबासाठी हा पर्याय खरंच चांगला आहे, आणि तो लवकर भरतो.

अपार्टमेंट घेतलं तर स्वयंपाकघर मिळतं, वरण-भाताची सोय होते. पण तिथेही आकडे आहेत. अ‍ॅमस्टरडॅममध्ये कुणी स्वतःचं घर पर्यटकांना देत असेल तर एका वेळी चारच पाहुणे ठेवता येतात. सहा जणांच्या कुटुंबाला तिथे असं घर नियमात बसत नाही.

ग्रुप टूरने जाणाऱ्यांना या सगळ्यातून बरीच सुटका असते, कारण हा हिशेब कंपनीने आधीच दरपत्रकात घातलेला असतो. ट्विन शेअरिंग, ट्रिपल शेअरिंग, चाइल्ड विथ बेड, चाइल्ड विदाउट बेड हे रकाने त्यासाठीच आहेत. 'विदाउट बेड' घेतलं की मुलाला वेगळा पलंग मिळणार नाही. आठ वर्षांच्या मुलासाठी हे स्वस्त दिसतं, पण सलग बारा रात्री तिघांनी एका पलंगावर झोपायचं आहे याचा विचार सही करण्याआधी करावा. ट्रिपलमधला तिसरा पलंगही बऱ्याचदा घडीचाच असतो. चौघांच्या कुटुंबाला कंपन्या साधारणपणे दोन खोल्या देतात. त्या एकाच मजल्यावर असतील का, हे विचारून घ्यायला हरकत नाही.

पैसे अडकले तर

युरोपातल्या हॉटेलशी इथून भांडणं अवघड असतं. पण चूक भारतातल्या एजंटची, वेबसाइटची किंवा टूर कंपनीची असेल, म्हणजे चौघांचे पैसे घेऊन दोघांची खोली बुक केली असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ कामाला येतो. या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस दिल्लीत किंवा बंगळुरूत असलं तरी चालतं. बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, आणि ठाण्याचा अतिरिक्त ग्राहक मंच बेलापूरच्या कोकण भवनातच अनेक वर्षं चालत आला आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, काही वेळा तेवढ्यावरच पैसे परत मिळतात.

तक्रार टिकते ती कागदावर. एजंटला चार नावं आणि मुलांची वयं फोनवर न सांगता ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवावीत. आलेल्या व्हाउचरवर खोलीचा प्रकार आणि माणसांची संख्या तपासावी. हॉटेलात दुसरी खोली घ्यावी लागलीच तर रिसेप्शनकडून कारण लेखी मागावं. दोन ओळींचा ईमेलही चालतो, आणि तो तिथे उभं असतानाच मागावा. जास्तीच्या खोलीचं बिल वेगळं आणि मुख्य पाहुण्याच्या नावाने घ्यावं.